चर्चिल यांनी फुल्टनमध्ये नेमके काय मागितले होते?

प्रश्न दोन आहेत. 5 मार्च 1946 रोजी विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकेत फुल्टन इथे केलेले ‘पोलादी पडद्या’चे भाषण शांततेसाठी होते की ती शीतयुद्धाची नांदी होती, हा पहिला. संयुक्त राष्ट्रसंघ बळकट करा असेही म्हणायचे आणि ब्रिटन-अमेरिकेची लष्करी जवळीक कायम ठेवा असेही त्याच दमात म्हणायचे, हे परस्परविरोधी नाही का, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर लागले की पहिल्याचे बरेचसे लागते, म्हणून भर त्यावर देतो. चर्चिल यांनी त्या दिवशी तीन भागांची एक योजना मांडली. वर संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या हाती स्वतःचे थोडे सैन्यबळ. त्या छत्राखाली इंग्रजी भाषिक देशांची घट्ट, रोजच्या कामकाजातली लष्करी मैत्री. आणि या दोन्हींच्या बळावर रशियाशी त्याच वर्षी, 1946 मध्येच, सर्व मुद्द्यांवर समझोता. पहिला भाग समितीच्या टेबलावर अडकला, तिसऱ्याकडे कोणी वळले नाही, मधला तेवढा पुरता उभा राहिला. भाषण आज युद्धाची हाक वाटते ते यामुळे. एकच भाग हाती उरला आणि आपण त्यावरून सगळ्या मजकुराचा अंदाज बांधतो.

आधी परिस्थिती, कारण ती माहीत नसेल तर मजकूर चुकीचा वाचला जातो. चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हते. जुलै 1945 च्या निवडणुकीत त्यांचा हुजूर पक्ष हरला होता, ॲटली यांचे मजूर सरकार आले होते आणि चर्चिल विरोधी पक्षनेते होते. आपल्याकडे कोणतीही अधिकृत कामगिरी नाही, आपण फक्त स्वतःच्या वतीने बोलतो आहोत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. निमंत्रण मिसुरी राज्यातल्या वेस्टमिन्स्टर कॉलेज या लहानशा कॉलेजचे होते. पण मिसुरी हे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे गृहराज्य. निमंत्रणपत्राच्या तळाशी ट्रुमन यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते की तुम्ही यावे, ओळख मी करून देईन. दोघे वॉशिंग्टनहून एकाच रेल्वेने गेले. कॉलेजच्या व्यायामशाळेत भाषण झाले तेव्हा ट्रुमन मंचावर होते. मजकुराची प्रत त्यांनी प्रवासात पाहिली होती, आणि वादळ उठल्यावर मात्र आपल्याला आधी काही माहीत नव्हते असा पवित्रा घेतला. त्यामुळे या भाषणाला ‘ब्रिटनची भूमिका’ म्हणणे चूक, आणि ‘एका निवृत्त माणसाचे खासगी मत’ म्हणणेही चूक. अमेरिकन जनमताची नाडी पाहण्याचा तो प्रयत्न होता आणि तो दोघांच्याही सोयीचा होता.

त्या आठवड्यांत काय काय चालू होते पाहा. 9 फेब्रुवारीला स्टॅलिन यांनी मॉस्कोत निवडणूक भाषणात युद्धांचे मूळ भांडवलशाहीच्या रचनेत असल्याचे सांगितले. 22 फेब्रुवारीला मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून तिथले अधिकारी जॉर्ज केनन यांची, सोव्हिएत धोरणाचा धोका उलगडून सांगणारी सुप्रसिद्ध लांबलचक तार वॉशिंग्टनला पोहोचली. 1942 च्या करारानुसार इराणमधून परकी फौजा युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत हलायच्या होत्या. ती मुदत 2 मार्चला संपली, ब्रिटिश निघाले, सोव्हिएत फौजा मात्र उत्तर इराणात होत्या. शिवाय ब्रिटनला द्यायचे 375 कोटी डॉलरचे कर्ज अमेरिकन काँग्रेसच्या मंजुरीसाठी खोळंबले होते. अमेरिकेने पुन्हा आपल्या कोशात जाऊ नये, ही चर्चिल यांची खरी चिंता होती. रशियाचे वर्णन हा त्या युक्तिवादातला पुरावा होता. तो युक्तिवाद नव्हे.

आता मजकूर. सर्वसामान्य घरातल्या माणसांना दोन गोष्टींपासून वाचवायचे आहे, युद्ध आणि जुलूमशाही, अशी मांडणी करून ते आधी युद्धाकडे वळतात आणि पहिला उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाचे नाव घेतात. हा भाग बहुतेक उताऱ्यांत गाळलेला असतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण इथे नुसती सदिच्छा नाही, बारीक तपशील आहे. न्यायालय आणि न्यायाधीश नेमले पण शिपाईच नसले तर निकालाचा उपयोग काय, असे विचारून ते सुचवतात की प्रत्येक देशाने आपल्या विमानदळाच्या काही तुकड्या संघाच्या सेवेत द्याव्यात. त्या आपापल्या देशातच तयार व्हाव्यात, पण आळीपाळीने एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहाव्यात. गणवेश स्वतःच्या देशाचा, बिल्ला वेगळा. स्वतःच्या देशाविरुद्ध लढण्याची सक्ती त्यांच्यावर नसावी, बाकी बाबतीत हुकूम संघाचा. सुरुवात लहान असावी आणि विश्वास वाढेल तसे बळ वाढवावे.

ही कल्पना हवेतली नव्हती. संघाच्या सनदेत कलम 43 नुसार सदस्यांनी सुरक्षा परिषदेला सैन्य उपलब्ध करून देण्याचे करार करायचे होते. कलम 45 तर खास हवाई तुकड्यांबद्दलच आहे: तातडीच्या कारवाईसाठी त्या लगेच मिळतील अशा ठेवाव्यात. कलम 47 खाली पाच स्थायी सदस्यांच्या सेनाप्रमुखांची लष्करी समितीही नेमली गेली. मग अडले कुठे? समितीने एप्रिल 1947 मध्ये अहवाल दिला त्यात मतभेद उघड दिसतात. सोव्हिएत पक्षाचे म्हणणे होते की पाचही देशांनी संख्येने आणि प्रकाराने अगदी समान सैन्य द्यावे. बाकीचे म्हणत होते की ज्याचे नौदल मोठे त्याने जहाजे द्यावीत, ज्याचे भूदल मोठे त्याने माणसे द्यावीत, एकूण वजन तुलनेने सारखे असले म्हणजे झाले. समान वाटा मान्य केला तर विमाने आणि जहाजांचे प्रमाण सर्वांत दुबळ्या देशाइतके खाली येणार. तो अमान्य केला तर हवाई आणि सागरी बळ जवळजवळ सगळे अमेरिका-ब्रिटनचे असणार. दुसरा तंटा तळांचा होता. हे सैन्य परक्या भूमीवरच्या तळांत राहू शकेल की फक्त स्वतःच्या हद्दीत? कारवाई संपल्यावर किती दिवसांत माघारी जाईल? ज्याला दुसऱ्याच्या फौजा आपल्या दाराशी नको होत्या तो प्रत्येक कलमात मुदत मागत होता. 1948 पर्यंत काम ठप्प झाले, आणि कलम 43 खाली आजतागायत एकही करार झालेला नाही. पुढच्या शांतिसेना त्या त्या वेळी सदस्य देशांकडून मागून उभ्या केल्या जातात, त्या या कलमाखालच्या नव्हेत.

याच भागात अणुबॉम्बचा परिच्छेद आहे. त्याचे ज्ञान अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्याकडे आहे, ते इतक्यात बाल्यावस्थेतल्या जागतिक संघटनेच्या हवाली करणे अविचाराचे ठरेल, असे चर्चिल म्हणाले. तीन देशांचा एकत्र उल्लेख करताना ही भागीदारी टिकेल असे त्यांनी गृहीत धरले होते. ते खोटे ठरले. ऑगस्ट 1946 च्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने अणुमाहिती कोणालाही, ब्रिटनलासुद्धा, देणे बंद केले. ती वाट पुन्हा 1958 च्या कराराने उघडली.

जुलूमशाहीवरचा भाग मी भराभर ओलांडतो, पण त्यात एक वाक्य आहे जे मराठी वाचकाने थांबून वाचावे. ब्रिटिश साम्राज्यभर नागरिकांना जे स्वातंत्र्य मिळते ते अनेक देशांत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. त्याच्या दोनच आठवडे आधी, 18 फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर खलाशांनी संप पुकारला होता, तो जहाजाजहाजांवर पसरला होता, आणि शहरात गोळीबारात माणसे मेली होती. 19 फेब्रुवारीला ॲटली सरकारने भारतात मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ पाठवण्याची घोषणा केली होती. फुल्टनच्या मजकुरात या कशाची सावलीही नाही. मुक्त निवडणुका, स्वतंत्र न्यायालये, भाषणस्वातंत्र्य यांचा हक्क प्रत्येक देशातल्या लोकांना असावा असे म्हणणारा माणूस साम्राज्याला त्या हिशेबातून वगळतो. हा दोष किरकोळ नाही. मैत्रीची जी गणना ते पुढे करतात ती साम्राज्य टिकणार या गृहीतकावर उभी आहे, आणि ते गृहीतक दीड वर्षातच ढासळले.

मग येतो गाभा. आपण जे सांगायला एवढ्या लांब आलो ते हे, असे चर्चिल स्वतःच म्हणतात. इंग्रजी भाषिक जनतेचे बंधुत्वाचे नाते, म्हणजे ब्रिटिश राष्ट्रकुल व साम्राज्य आणि अमेरिका यांच्यात ‘विशेष संबंध’. लगेच ते बजावतात की आपल्याला मोघम बोलायचे नाही, आणि कलमवार सांगतात: दोन्ही देशांच्या लष्करी सल्लागारांचा निकटचा संपर्क चालू ठेवायचा, संभाव्य धोक्यांचा एकत्र अभ्यास करायचा, शस्त्रे आणि शिक्षणाच्या पुस्तिका सारख्या ठेवायच्या, अधिकारी आणि कॅडेट यांची तांत्रिक महाविद्यालयांत देवाणघेवाण करायची, आणि जगभरचे नाविक व हवाई तळ एकमेकांना वापरू द्यायचे. यातली बरीचशी यंत्रणा युद्धकाळात तयारच होती, संयुक्त सेनाप्रमुख समिती 1942 पासून काम करत होती. युद्ध संपताच ती मोडू नका, एवढीच मागणी होती.

तहाची मागणी त्यांनी केलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. 15 मार्चला न्यूयॉर्कला वॉल्डॉर्फ ॲस्टोरियातल्या मेजवानीत त्यांनी हे स्पष्ट केले: मी लष्करी आघाडी किंवा करार मागितलेला नाही, मी वेगळे आणि एका अर्थी त्याहून अधिक मागितले आहे. ज्याला लष्करी नियोजनाची माहिती आहे त्याला यातला व्यवहार कळतो. करार कागदावर होतो आणि सरकार बदलले की त्याचा अर्थही बदलतो. पण दोन सैन्यांच्या तोफगोळ्यांची मापे, संदेशपद्धती, नकाशे, शिक्षणक्रम एक झाले की वेगळे होणे महागात पडते. योगायोग असा की ज्या दिवशी हे भाषण झाले त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या संकेतवार्ता-हेरगिरी यंत्रणांनी कायम सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. तो कागद 2010 मध्ये उघड झाला. म्हणजे मंचावर मागितलेली गोष्ट एका बाजूने तेव्हाच घडत होती.

आता विसंगतीचा मुद्दा. चर्चिल यांनी तो स्वतःच उपस्थित केला होता: असे खास संबंध संघाशी असलेल्या निष्ठेच्या आड येतील का? त्यांचे उत्तर कसोट्यांच्या रूपात आहे. मैत्रीचा रोख तिसऱ्या कोणावर नसावा, आणि तिच्यात सनदेशी विसंगत हेतू नसावा. या दोन गोष्टी असतील तर असे संबंध घातक नाहीतच, उलट लागणारच आहेत. शांततेचे मंदिर सगळ्या देशांच्या कारागिरांनी बांधायचे असेल, आणि त्यातले दोघे जुने मित्र असतील, तर त्यांनी एकमेकांची अवजारे का वापरू नयेत, हा त्यांचा दृष्टांत. उदाहरणे त्यांनी हेतुपूर्वक निवडली: अमेरिका-कॅनडा संरक्षण व्यवस्था, ब्रिटनचा रशियाशीच 1942 साली झालेला वीस वर्षांचा करार, जो आपल्या बाजूने पन्नास वर्षांचा करायलाही हरकत नाही, आणि 1384 पासून अखंड चालत आलेली पोर्तुगालशी मैत्री.

कायद्याच्या बाजूने ही भूमिका टिकते. सनदेचे कलम 51 सशस्त्र हल्ला झाल्यास वैयक्तिक आणि सामूहिक स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते, पण दोन अटींवर: उपाययोजना सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवायची, आणि परिषदेने पावले उचलेपर्यंतच ती चालू ठेवायची. 4 एप्रिल 1949 च्या नाटो करारातले (अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीच्या करारातले) कलम 5 वाचा: एका सदस्यावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. त्यात 51 चा नामोल्लेख आहे आणि या दोन्ही अटी उतरवून घेतल्या आहेत. 14 मे 1955 च्या वॉर्सा करारातही, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी कराराताही, कलम 51 चाच आधार आहे. एकमेकांवर रोखलेल्या दोन्ही आघाड्या एकाच कलमावर उभ्या राहिल्या. म्हणजे कायद्याने विसंगती नाही. अडचण पहिल्या कसोटीत आहे. ‘रोख कोणावर नाही’ हे करार लिहिणारा ठरवत नाही, शेजारी बसलेला ठरवतो. रशियाशी झालेल्या त्या वीस वर्षांच्या कराराचे काय झाले पाहा: मे 1955 मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत आला आणि सोव्हिएत युनियनने तो करार रद्द केला. पन्नास वर्षे बोललेली गोष्ट तेरा वर्षे टिकली.

पोर्तुगालच्या उदाहरणाला गोव्याचा धागा आहे, आणि आघाडीचा करार कसा वाचावा हे त्यातून नीट शिकता येते. 1943 मध्ये ब्रिटनने याच जुन्या मैत्रीचा हवाला देऊन अझोर्स बेटांवर तळ मिळवले, या मैत्रीला युद्धात फळे आली असे चर्चिल भाषणात म्हणाले, त्यातले हे मोठे. पुढे पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य झाला, आणि गोवा, दमण, दीव यांना त्या छत्राचा लाभ मिळेल अशी आशा लिस्बनला वाटत राहिली. पण नाटो करारात कलम 6 आहे. कलम 5 मधला ‘हल्ला’ कोणत्या भूमीवरचा, हे ते ठरवते: युरोप, उत्तर अमेरिका, तेव्हाचा फ्रेंच अल्जीरिया, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे. मांडवीचा काठ यात कुठेच बसत नव्हता. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा ब्रिटननेही जुन्या मैत्रीखातर राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध उभे राहायला नकार दिला. उरली सुरक्षा परिषद. 18 डिसेंबरला भारताने माघार घ्यावी या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार, आणि त्या चारांत सोव्हिएत नकाराधिकार होता. सहा शतकांची मैत्री, नाटो आणि सुरक्षा परिषद, तिन्ही दारे एकाच आठवड्यात बंद झाली. कोणताही करार हाती आला की ‘मदत करू’ हे वाक्य शेवटी वाचावे. आधी भूगोलाचे कलम, मग ‘आवश्यक वाटेल ती कारवाई’ कोण ठरवणार ते, मग मुदत आणि बाहेर पडण्याची सूचना.

पडद्याचा परिच्छेद यानंतर येतो, भाषण निम्म्याहून अधिक झाल्यावर. बाल्टिकवरच्या श्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टपर्यंत पडदा उतरला आहे, आणि त्यामागे, म्हणजे सोव्हिएत प्रभावाखाली, वॉर्सा, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड, बुखारेस्ट, सोफिया ही शहरे आहेत. शब्दप्रयोग नवा नव्हता. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने फेब्रुवारी 1945 मध्ये तो वापरला होता, आणि चर्चिल यांनी स्वतः 12 मे 1945 च्या ट्रुमन यांना केलेल्या तारेत. नकाशाही काटेकोर नव्हता. बर्लिन आणि व्हिएन्ना चार सत्तांमध्ये वाटलेली होती, प्रागमध्ये फेब्रुवारी 1948 पर्यंत संमिश्र सरकार होते, आणि बेलग्रेड त्याच वर्षी जूनमध्ये मॉस्कोपासून तुटले. यादीतली वॉर्सा, बुखारेस्ट, सोफिया ही नावे मात्र तेव्हाही खरी होती.

या परिच्छेदाच्या आधी रशियन जनतेबद्दल आणि युद्धातले सहकारी म्हणून स्टॅलिन यांच्याबद्दल आदर आहे. नंतर स्पष्ट विधान आहे की नवे युद्ध अटळ आहे हे आपण मानत नाही. रशियाला युद्ध नको, युद्धाची फळे आणि सत्तेचा व मताचा अमर्याद विस्तार हवा आहे. रशियन लोक सामर्थ्याचा आदर करतात आणि लष्करी दुबळेपणाचा सर्वांत कमी, म्हणून जेमतेम बरोबरीचा सत्तासमतोल उपयोगाचा नाही, त्याने बळ आजमावून पाहण्याचा मोह होतो. आणि मग निष्कर्ष: संघाच्या छत्राखाली, 1946 मध्येच, रशियाशी सर्व मुद्द्यांवर समझोता.

इथे योजनेतला खरा ताण आहे. समझोता करायचा तर समोरच्याला काही द्यावे लागते, आणि काय द्यायचे हे भाषणात कुठेच नाही. सामर्थ्य कसे जमवायचे याचे पाच-सहा तपशील आहेत, वाटाघाटीच्या विषयपत्रिकेचा एकही नाही. मॉस्कोत ऐकणाऱ्याला सामर्थ्याचा भागच ऐकू जाणार हे उघड होते. 14 मार्चला ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्रात स्टॅलिन यांची मुलाखत आली. त्यांनी चर्चिल यांची तुलना हिटलरशी केली, इंग्रजी भाषिकांचे वर्चस्व म्हणजे वंशवादच असे म्हटले, आणि पन्नास वर्षांच्या कराराचा मुद्दा मुद्दाम उचलून तो पोकळ ठरवला. घरच्या आघाडीवरही स्वागत नव्हते. मजूर पक्षाच्या नव्वदहून अधिक खासदारांनी निषेधाचा प्रस्ताव मांडला, वॉल्टर लिपमन यांच्यासारख्या स्तंभलेखकांनी टीका केली, आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन न्यूयॉर्कच्या मेजवानीला गेले नाहीत. कर्ज मात्र जुलैत मंजूर झाले. दिल्लीत 7 सप्टेंबरला नेहरूंनी हंगामी सरकारच्या वतीने आकाशवाणीवर सांगितले की एकमेकांविरुद्ध उभ्या गटांच्या सत्ताकारणापासून शक्य तितके दूर राहू, कारण त्यातूनच पूर्वी महायुद्धे झाली. फुल्टनच्या योजनेला आपल्याकडून मिळालेले उत्तर म्हणून ते वाक्य शेजारी ठेवून वाचावे.

म्हणून परीक्षेत किंवा लेखात ‘फुल्टनने शीतयुद्ध पुकारले’ असे लिहू नका. इराण, केननची तार आणि स्टॅलिन यांचे भाषण आधीचे आहे, आणि साम्यवादाचा प्रसार रोखण्याचे ट्रुमन यांचे धोरण 12 मार्च 1947 ला जाहीर झाले, मध्ये एक वर्ष आहे. ‘नाटोची मागणी केली’ असेही लिहू नका. मागणी दोन देशांच्या यंत्रणेची होती, पश्चिम युरोपचा समावेश त्यात नव्हता, आणि युरोपच्या एकीचा विचार त्यांनी 19 सप्टेंबर 1946 ला झुरिकमध्ये स्वतंत्रपणे मांडला.

तिसरा भाग, रशियाशी बोलणी, त्यांनी सोडला नव्हता. स्टॅलिन मार्च 1953 मध्ये वारले तेव्हा चर्चिल पुन्हा पंतप्रधान होते. 11 मे 1953 ला त्यांनी संसदेत सर्वोच्च पातळीवरची परिषद भरवण्याचा प्रस्ताव मांडला, मोजक्याच नेत्यांची आणि ताठर विषयपत्रिकेशिवाय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तयार नव्हते, चर्चिल यांच्या स्वतःच्या मंत्रिमंडळातही विरोध होता. जिनिव्हाची शिखर परिषद जुलै 1955 मध्ये भरली. चर्चिल यांनी एप्रिलमध्येच राजीनामा दिला होता, आणि ब्रिटनच्या खुर्चीवर नवे पंतप्रधान ॲन्थनी ईडन बसले होते.